शिकागोत राहणं नक्की कसं असतं? शहरात राहावं की सबर्बात?

मनवा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, तर सांभाळून घ्या.

आम्ही सध्या डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतो. नवऱ्याला शिकागोत नोकरी मिळालीय, ऑफिस डाउनटाउनला अगदी लूपमधे, आठवड्यातून तीन दिवस जावंच लागणार. माझं काम घरून चालतं. मुलगी दुसरीत आहे, तिची शाळा संपली की जूनमधे हलायचं असं चाललंय. सासूबाई दर वर्षी पुण्याहून येतात, यंदा जरा जास्त राहणार आहेत, म्हणजे थंडीचे दोन-तीन महिने तरी त्यांना तिथे काढावे लागतील.

ज्याला विचारते तो दोनच गोष्टी सांगतो, थंडी आणि गोळीबार, आणि लगेच "नेपरव्हिलला घर घ्या" (हे तिथलं एक सबर्ब) म्हणून मोकळा होतो. पण मला रोजचं राहणं कसं असतं ते जाणून घ्यायचंय. इथे दूध संपलं तरी गाडी काढायची, पार्कात चालायला जायचं तरी आधी गाडीत बसायचं. माझं लहानपण सदाशिव पेठेत गेलं, शाळा, भाजी, लायब्ररी सगळं पायी. परत तसं काही मिळणार असेल तर थंडी सोसायची माझी तयारी आहे, नवरा मात्र सबर्बच्या बाजूने आहे. तिथे राहिलेल्यांनी मनापासून सांगा.

खिडकीपाशी
छान धागा. आम्ही मिलवॉकीला असतो आणि आमचीही हीच चर्चा चालू आहे, त्यामुळे वाचतोय.

निंबोणी
मनवा, आम्ही एजवॉटरला राहतो, शहराच्या उत्तर टोकाला, रेड लाइनच्या ब्रिन मार स्टेशनपासून चालत. मी तर ठामपणे सांगेन की आधी शहरातच भाड्याने राहा, निदान एक अख्खा हिवाळा आणि एक अख्खा उन्हाळा, आणि मग जिथे घ्यायचं तिथे घर घ्या.

थंडीचं आधी बोलते कारण तेच सगळ्यांच्या मनात असतं. जानेवारी २०१९ मधे पारा उणे २३ फॅरनहाइटला गेला होता, म्हणजे साधारण उणे ३१ सेल्सियस, शाळा बंद, ऑफिसं बंद, टपालसुद्धा आलं नाही. पण असं काही वर्षांतून एकदा होतं. नेहमीच्या जानेवारीत दिवसा पारा तीस फॅरनहाइटच्या आसपास असतो, गोठणबिंदूच्या जरासा खाली, आणि अंगावर नीट कपडे असले की त्यात आरामात फिरता येतं. डॅलसची जाकिटं इथे कामाची नाहीत. गुडघ्यापर्यंत येणारा डाउनचा कोट, पाणी आत न जाणारे बूट आणि बोटं वेगळी नसलेले मिटन घ्या, लेकीला स्नोपँटही लागेल कारण इथे शाळेत मुलांना थंडीतही मधल्या सुट्टीत बाहेर खेळायला सोडतात. हे सगळं ऑक्टोबरात घेऊन ठेवायचं.

थंडीपेक्षा त्रास होतो तो अंधाराचा, ते मात्र कुणी आधी सांगत नाही. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. पोरं शाळेतून येऊन दूध पिईपर्यंत दिवेलागण झालेली असते. मी पहिल्यापासून एक नियम केलाय की दुपारी बारा-एकच्या सुमारास काहीही झालं तरी बाहेर पडायचं, ऊन असो नसो, वीस मिनिटं का होईना चालून यायचं. आणि इथेच शहराचा फायदा आहे बघ, कारण सबर्बात माणूस घरच्या गराजमधून ऑफिसच्या गराजमधे जातो आणि चार-चार महिने मोकळ्या हवेचा स्पर्श होत नाही अंगाला, मग एप्रिल येईपर्यंत जीव उबतो. शहरात स्टेशनपर्यंत चालावंच लागतं. प्लॅटफॉर्मवर डोक्यावर हीटर असतात, बटण दाबलं की पेटतात, त्याखाली सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि अनोळखी माणसंसुद्धा हवेबद्दल दोन शब्द बोलतातच.

घरांचं म्हणशील तर या भागात जुन्या विटांच्या तीन मजली इमारती खूप आहेत, मधे अंगण आणि तीन बाजूंनी फ्लॅट. बऱ्याच ठिकाणी हीट भाड्यातच धरलेली असते. आणि शहराचा नियमच आहे की १५ सप्टेंबर ते १ जून घरमालकाने दिवसा निदान ६८ आणि रात्री ६६ फॅरनहाइट तापमान ठेवलंच पाहिजे, नाही ठेवलं तर ३११ ला, म्हणजे शहराच्या मदतीच्या नंबरवर, तक्रार करता येते. पहाटे रेडिएटर ठणठण वाजायला लागतो, पहिल्या आठवड्यात झोपमोड होते, मग सवय होते. ओले हातमोजे त्यावर वाळतात, आणि इडलीचं पीठ त्याच्या बाजूला ठेवलं की भर जानेवारीत एका रात्रीत टोपाबाहेर येतं.

आणि लेक. मिशिगनचा लेक नुसता नकाशावर बघून कळत नाही, पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा असतात, वाळू असते, समुद्रच म्हणायचा फक्त खारा वास नाही. शहराच्या हद्दीतला जवळपास सगळा किनारा सार्वजनिक आहे. बाकीच्या शहरांत असा किनारा बंगलेवाले आणि हॉटेलवाले घेऊन बसलेले असतात. इथे तो राखला गेला कारण शंभरेक वर्षांपूर्वी माणसं त्यासाठी कोर्टात भांडली, माँटगोमरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने काठावरच्या ग्रँट पार्कात इमारती होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं खटले चालवले, आणि १९०९ च्या बर्नहॅमने केलेल्या शहराच्या आराखड्यातही किनारा लोकांचा असंच धरलेलं होतं. आता अठरा मैलांची पायवाट आणि सायकलवाट आहे काठाने, आमच्या घराजवळ ती सुरू होते. जूनमधे संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो, तेव्हा तिथे एकदा ये. पोळी-भाजीचे डबे घेऊन आलेली आपली माणसं, शेगडी पेटवून मक्याची कणसं भाजणारी मेक्सिकन कुटुंबं, बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, सगळे एकाच गवतावर. एक पैसा तिकीट नाही.

पारावरचा
निंबोणीताईंनी शहराची बाजू छान मांडलीय, पण दुसरी बाजूही ऐका. आम्ही नेपरव्हिलला बरीच वर्षं आहोत आणि समाधानी आहोत. चार महिने मोकळी हवा मिळत नाही हे तितकंसं खरं नाही, आमच्या मागे जंगलातली वाट आहे, डुपेज नदीकाठी रिव्हरवॉक आहे, बर्फ पडला की पोरं टेकडीवर स्लेड घेऊन घसरत असतात.

शाळांचा प्रश्न इथे येत नाही. २०३ आणि २०४ दोन्ही डिस्ट्रिक्ट नावाजलेले आहेत, घर घेतलं की शाळा ठरली, दर वर्षी अर्ज-लॉटरीची धावपळ नाही. मराठी घरं भरपूर. मंडळाचे गणपती, दिवाळी, मुलांची मराठी शाळा हे सगळं उपनगरांतच जास्त होतं, हॉल मिळतो, पार्किंग मिळतं. ऑरोराचं बालाजी मंदिर जवळ, लेमाँटचं मंदिरही फार लांब नाही. सासूबाईंना इथे चार मैत्रिणी आठवड्याभरात मिळतील.

प्रवासाचं म्हणाल तर मेट्राची, म्हणजे उपनगरी रेल्वेची, बीएनएसएफ लाइन आहे, एक्सप्रेस गाडी मिळाली तर पाऊण तासाच्या आत युनियन स्टेशन. बसायला जागा मिळते, लॅपटॉप उघडून काम करता येतं. तीन दिवस जाणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखं आहे.

फक्त एक गोष्ट, प्रॉपर्टी टॅक्स. टेक्सासहून येताय म्हणजे तुम्हाला सवय असेल, पण तिथे स्टेट इन्कम टॅक्स नव्हता, इथे ४.९५ टक्के आहे आणि वर प्रॉपर्टी टॅक्सही तितकाच घसघशीत, घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास धरून चाला. घर बघताना हप्त्याबरोबर टॅक्सचा आकडा मिळवूनच बघा, नाहीतर बजेट कोलमडतं.

निंबोणी
@पारावरचा, मैत्रिणींचा मुद्दा मान्य आहे, पण त्यांच्याकडे जायला सासूबाईंना गाडी कोण देणार? मुलगा ऑफिसात, सून मीटिंगमधे, म्हणजे त्या दिवसभर खिडकीत. माझी आई येते तेव्हा तिची ती १५५ नंबरच्या बसने डेव्हनला, म्हणजे आपल्या दुकानांच्या रस्त्यावर जाते, भाजी घेते, दुकानातल्या माणसाशी गुजरातीत बोलते आणि परत येते. ज्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी जाऊन आली त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुठल्याही चार बेडरूमच्या घरात बघायला मिळालं नसतं. म्हातारपणी कुणावर अवलंबून न राहता घराबाहेर पडता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि अमेरिकेत ती फार थोड्या ठिकाणी मिळते.

सायली_क
निंबोणी, या शेवटच्या पॅराला शंभर वेळा अनुमोदन. माझे बाबा ह्यूस्टनला सहा महिने अक्षरशः कोंडल्यासारखे राहिले होते.

रात्रपाळी
गोळीबाराबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो. मी वेस्ट साइडच्या एका हॉस्पिटलात काम करतो, बहुतेक रात्रपाळी. रात्री जे येतं ते बघतो, त्यामुळे इथे काही होत नाही असं मी म्हणणार नाही.

पण शहरभर सगळीकडे सारखं आहे असंही नाही. शहराचे अधिकृत ७७ विभाग आहेत. २०२१ साली शहरात आठशेच्या आसपास खून झाले, २०२४ ला तो आकडा सहाशेच्या खाली आला, आणि त्यातला मोठा हिस्सा वेस्ट आणि साउथ साइडच्या मोजक्या विभागांत होतो, तिथेही ठरावीक गल्ल्यांत. लिंकन स्क्वेअर, एजवॉटर, हाइड पार्क अशा ठिकाणी राहणाऱ्याला मोबाइल सांभाळणं, गाडीत बॅग न ठेवणं, रात्री उशिरा ट्रेनने यायचं तर पहिल्या डब्यात मोटरमनजवळ बसणं, एवढी सावधगिरी पुरते. कोविडनंतर ट्रेनमधे सिगरेट ओढणारे दिसतात, रात्री डब्यात झोपलेली बेघर माणसं असतात, हे खरं आहे आणि पहिल्यांदा बघताना वाईट वाटतं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या विभागांची अशी अवस्था का झाली ते इथे राहायला येणाऱ्याने समजून घ्यावं. गेल्या शतकात दक्षिणेकडून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं इथे कामाला आली, कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत. त्यांना बाकीच्या भागांत घर विकायचं नाही असे करार गोऱ्या मालकांनी आपसात केले होते, बँका त्या वस्त्यांना कर्ज देत नव्हत्या, नकाशावर लाल रेघ मारून ठेवलेली असायची. नंतर १९७१ ला स्टॉकयार्ड, म्हणजे ते कत्तलखाने, बंद झाले, मग पोलादाचे कारखाने एकेक करून गेले. काम गेलं, कर्ज मिळत नव्हतंच, दुकानं बंद झाली, शाळा बंद झाल्या. माझ्याबरोबर काम करणाऱ्या नर्सेस, वॉर्डबॉय, टेक्निशियन यातले कितीतरी जण त्याच वस्त्यांत राहतात, सकाळी ड्यूटी संपवून पोरांना शाळेत सोडतात, रविवारी चर्चला जातात. "साउथ साइडला पाऊल टाकू नका" असं आपले लोक जेवताना सहज बोलून जातात तेव्हा मला या माणसांची आठवण होते आणि राग येतो. ब्राँझव्हिल बघा, पुलमन बघा, जॅक्सन पार्क बघा. दिवसा जा, कुटुंबासकट जा.

पारावरचा
रात्रपाळी, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडच्या गप्पांत हा इतिहास कधीच येत नाही.

डेव्हनकर
मी सत्तरच्या दशकात इथे आलो, आता निवृत्त. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

तेव्हा डेव्हन अव्हेन्यूवर आपली दुकानं नुकती येत होती. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ चं, तिथलंच. त्याआधी तूरडाळ मिळणं हीच बातमी असायची, कुणी भारतातून आला की त्याच्या बॅगेत गोडा मसाला असणार हे सगळ्यांना माहीत. आता साबुदाणा, भाजणी, बाकरवडी, अळूची पानं, काय म्हणाल ते मिळतं. जुनी बरीच माणसं सबर्बात गेली आणि त्यांच्यामागे मोठी दुकानंही तिकडे गेली, पण डेव्हन टिकून आहे कारण नवी माणसं येत राहतात, आज तिथे हैदराबादी आहेत, पाकिस्तानी आहेत, रोहिंग्या कुटुंबं आहेत, ज्यू बेकऱ्या आहेत. शनिवारी दुपारी त्या एका रस्त्यावर चालताना जेवढ्या भाषा कानावर पडतात तेवढ्या मी दुसरीकडे कुठे ऐकल्या नाहीत.

बर्फाबद्दल एक सांगतो. जानेवारी १९७९ च्या वादळात शहर दिवसेंदिवस अडकलं, रस्ते साफ होईनात, गाड्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली स्टेशनं गाळून पुढे जायला लागल्या, लोक भयंकर चिडले. महिन्याभराने महापौरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक होती, तीत तेव्हाचे महापौर मायकेल बिलँडिक हरले आणि जेन बर्न निवडून आल्या, पुढे शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. तेव्हापासून इथला कुठलाही महापौर बर्फाला हलक्यात घेत नाही. सकाळी सहाला बर्फ ढकलणारे प्लाऊ फिरताना दिसले की मला ती निवडणूक आठवते. १ आणि २ फेब्रुवारी २०११ ला वीस इंचांवर बर्फ पडला, लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या, तेवढा एक अपवाद.

मनवा, तुमच्या सासूबाईंसाठी मी थंडीपेक्षा उन्हाळ्याची आठवण करून देईन. जुलै १९९५ मधे इथे उष्णतेची लाट आली, सातशेच्या वर माणसं गेली, बहुतेक एकटी राहणारी म्हातारी माणसं, पंखा नाही, एसी नाही, भीतीने खिडक्याही बंद. जुन्या विटांच्या इमारतींत हीट असते पण एसी नसतो. घर बघताना खिडकीत एसी बसतो का, वायरिंगला तो झेपतो का, हे विचाराच.

अजून एक, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला टॉर्नेडोच्या भोंग्याची चाचणी होते. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील.

मनवा
सगळ्यांचे किती आभार मानू. डेव्हनकर काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. रात्रपाळी, तुमचा मी दोनदा वाचला.

आता प्रश्न. शहरात राहिलो तर एक गाडी ठेवू, ती बर्फात कुठे लावायची? पाण्यात शिसं असतं असं ऐकलं ते खरं का? आणि पब्लिक शाळांचं जरा कुणी नीट सांगेल का?

खडूफळा
शाळेचं मी सांगते, मी इथल्या पब्लिक शाळेतच शिकवते. प्रत्येक पत्त्याला एक नेबरहुड शाळा ठरलेली असते, तिथे तुमच्या मुलीला प्रवेश मिळणारच, वर्षाच्या मधे आलात तरी. म्हणून घर निवडताना त्या पत्त्याची शाळा कुठली ते आधी बघा, दोन गल्ल्यांच्या फरकाने शाळा बदलते. त्याशिवाय मॅग्नेट शाळा असतात, त्यांना लॉटरी, आणि सिलेक्टिव्ह एन्रोलमेंट, त्यांना परीक्षा. अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर भरायचे असतात, म्हणजे तुमचं या वर्षीचं चक्र बहुधा हुकलेलं आहे, पण जागा रिकाम्या होतात तेव्हा चौकशी करत राहायची.

लोक शाळेचा आकडा बघतात, दहापैकी किती. तो आकडा बऱ्याच अंशी आईबापांचं उत्पन्न सांगतो. माझ्या वर्गात अरबी, स्पॅनिश, उर्दू, योरुबा बोलणारी पोरं आहेत आणि ती एकमेकांना वाचायला मदत करतात. शाळेत जा, मधल्या सुट्टीत मैदानाबाहेर उभं राहून बघा पोरं कशी खेळतात, मुख्याध्यापकांना भेटा. नेपरव्हिलच्या शाळा उत्तमच आहेत, त्यात वाद नाही. पण शहरातल्या शाळा वाईट हे सरसकट म्हणणं आमच्यावर अन्यायाचं आहे. पैशाची चणचण मात्र कायमची आहे, कधी संपही होतात, २०१९ ला अकरा दिवस शाळा बंद होत्या, तेव्हा घरून काम असल्याचा तुम्हाला उपयोग होईल.

आणि लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. २०१९ पासून लेट फाइन बंद केलाय, पोरं बिनधास्त ढीगभर पुस्तकं नेतात. म्युझियमचे पासही मिळतात तिथून.

निंबोणी
पाणी आणि गाडी.

पाणी लेकचंच येतं आणि लेकचं पाणी चांगलं आहे, अडचण पाइपची. १९८६ पर्यंत शहराच्या नियमातच होतं की मुख्य लाइनपासून घरापर्यंतचा पाइप शिशाचा हवा, त्यामुळे आजही चारेक लाख पाइप तसेच जमिनीत आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. हे मुख्यतः छोट्या घरांचं, म्हणजे बंगलो, टू-फ्लॅट वगैरे. मोठ्या इमारतींना जाड पाइप लागतो, तो सहसा शिशाचा नसतो. ३११ ला सांगितलं की तपासणीचा किट फुकट मिळतो. रिपोर्ट येईपर्यंत शिसं काढणारा प्रमाणित फिल्टर लावा आणि सकाळचं पहिलं पाणी थोडा वेळ वाहू द्या. पोर लहान आहे, यात हयगय नको.

गाडी. १ डिसेंबर ते १ एप्रिल मोठ्या रस्त्यांपैकी काहींवर पहाटे तीन ते सात पार्किंगला बंदी, बर्फ असो वा नसो. पाटी लावलेली असते पण नव्या माणसाचं लक्ष जात नाही आणि गाडी उचलली की भुर्दंड मोठा बसतो. आतल्या गल्ल्यांत लावता येते. तिथे बर्फ उपसून जागा केली की लोक तीत मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल असं काहीतरी ठेवून जातात, त्याला डिब्ज म्हणतात. कायद्यात बसत नाही पण ती खुर्ची हलवायची नाही, तास-दीड तास फावडं मारून केलेली जागा असते ती. गाडीला शहराचा स्टिकर घ्यावा लागतो, अनेक भागांत रहिवासी परमिटही. आणि दर दोन आठवड्यांनी गाडी धुवा, रस्त्यावरच्या मिठाने पत्रा खाल्ला जातो.

भाजीसाठी डेव्हन आहेच, पण रोजच्यासाठी मी अर्गाइल स्ट्रीटला जाते, व्हिएतनामी दुकानं आहेत. कोथिंबिरीची मोठी जुडी, कारली, केळीची पानं, कच्चा फणस, आणि डिसेंबरातही ताजं.

उन्हाचा_तुकडा
मी जरा वेगळं लिहितो. आम्ही शिकागो सोडून नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला आलो आणि परत जाणार नाही. शहर सुंदर आहे, म्युझियम्स, लेक, खाणं, सगळं मान्य. पण बायकोला तिथला नोव्हेंबर ते एप्रिल झेपला नाही. रोज उठल्यावर करडं आभाळ, ती हळूहळू बोलेनाशी झाली, डॉक्टरांनी उजेडाचा दिवा दिला, व्हिटॅमिन डी दिलं, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. इच्छाशक्ती कमी पडली असं कुणी म्हणू नये, शरीरं वेगवेगळी असतात. मनवा, तुम्हाला किंवा सासूबाईंना आधीपासून उदासपणाचा त्रास असेल तर हे आधी विचारात घ्या. बाहेर चाला म्हणणं सोपं आहे, ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला ते जमत नाही.

निंबोणी
उन्हाचा_तुकडा, हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. तुमच्या पत्नीला आता बरं वाटतंय ना? माझ्याही ओळखीत अशा दोघीजणी आहेत, एकीने बदली मागून घेतली. मनवा, हा प्रतिसाद माझ्या सगळ्या प्रतिसादांइतकाच महत्त्वाचा मान.

उन्हाचा_तुकडा
हो, खूप बरी आहे. बागकाम करते. विचारलंत, छान वाटलं.

पोथीनिष्ठ
कुणी अजून लिहिलं नाही म्हणून, मिशिगन अव्हेन्यूवरचं आर्ट इन्स्टिट्यूट ही तीच इमारत जिथे ११ सप्टेंबर १८९३ ला सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. समोरच्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांचं मानद नावही दिलेलं आहे. त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले होते, आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही. सासूबाईंना नक्की न्या.

वाचणाऱ्यांसाठी अजून एक, हाइड पार्कला युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोची रेगेन्स्टाइन लायब्ररी आहे, तिथला दक्षिण आशियाई संग्रह प्रचंड आहे आणि मराठी पुस्तकंही भरपूर, जुने छापील ग्रंथसुद्धा. बाहेरच्यांना आत जाण्याचे नियम आधी बघून जा.

आणि विलिस टॉवर, जुना सिअर्स टॉवर, त्याची रचना फझलुर रहमान खान या ढाक्याहून आलेल्या इंजिनिअरची. जॉन हॅनकॉक या उंच इमारतीचीसुद्धा त्यांचीच. लेकीला दाखवताना हे नाव सांगा.

मनवा
मंडळी, घरात बैठक झाली. नवरा म्हणतो एक वर्ष शहरात भाड्याने राहून बघू. उन्हाचा_तुकडा यांचा प्रतिसाद आम्ही दोघांनी बसून वाचला, मला तसा त्रास आजवर नाही पण लक्ष ठेवू. घरं बघायला आम्ही एप्रिलमधे यायचं म्हणत होतो, आता फेब्रुवारीच्या लाँग वीकेंडला येतोय, जे काय आहे ते भर थंडीतच बघू. निंबोणी, कुठे कुठे उतरून बघायचं ते सांगशील?

निंबोणी
फेब्रुवारीच बरोबर. ओहेअरहून टॅक्सी करू नका, ब्लू लाइनने लूपला या, पाऊण तास लागतो, ऑफिसपर्यंत चालून बघा. मग ब्राउन लाइनने वेस्टर्नला उतरा, तो लिंकन स्क्वेअर. दुसऱ्या दिवशी रेड लाइनने ब्रिन मार, तिथून क्लार्क स्ट्रीटपर्यंत चालत या म्हणजे अँडरसनव्हिल बघून होईल, पोरीला घेऊनच चाला, ती किती चालते ते कळेल. मग १५५ ने डेव्हन, जेवायला. रविवारी मेट्राने नेपरव्हिललाही जाऊन या, पारावरचा यांना आधी कळवा.

प्रत्येक फ्लॅटमधे हे विचारा: हीट कुणाची, एसी कुठे बसतो, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का, कपडे धुवायचं मशीन घरात की तळघरात, मागच्या लाकडी जिन्यावरचा बर्फ कोण काढतं. सासूबाई असणार म्हणजे इथला पहिला मजला (आपला तळमजला) किंवा लिफ्ट. आणि नळ सोडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो तेही बघा.

शनिवारी दुपारी मी मोकळी आहे. मेसेज कर, क्लार्कवर भेटू.

पारावरचा
रविवारी जेवायलाच या आमच्याकडे. स्टेशनवर घ्यायला येतो, गाडी कुठली पकडताय तेवढं कळवा.